संस्थेची एक जुनी कर्मचारी

९ जानेवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझे नव्या वर्षाचे कार्ड पोचले. छापील मजकुराखाली तू फक्त सही केली आहेस. सही सुवाच्य आहे, ही प्रगतीच म्हणायची.

आजच्या पत्राचे कारण घरगुती नाही. तुझ्या खात्याचे परिपत्रक आमच्या शाळेला मिळाले. चर्चने किंवा अन्य धार्मिक संस्थांनी चालवलेल्या ज्या प्राथमिक शाळा सरकारी अनुदान घेतात, त्यांनी इमारत मानकांप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र मेअखेर मिळवावे. न मिळाल्यास जूनपासून अनुदान बंद. आमच्या सर्व शिक्षकांचे पगार त्या अनुदानातून होतात. मंडळीच्या वर्गणीतून खडू येतात, झाडू येतात, पगार येत नाहीत. तेव्हा प्रमाणपत्र नाही तर शाळा नाही. परिपत्रकाची भाषा एकंदरीत शुद्ध आहे. दुसऱ्या परिच्छेदात कर्ता आपले क्रियापद शोधत बराच वेळ हिंडतो, पण अखेर त्याला ते भेटते. मानके तुझ्याच विभागाने केली आहेत असे त्यात लिहिले आहे. म्हणून तुलाच विचारते.

परिपत्रकावर चर्चच्या पंचकमिटीची सभा झाली. खजिनदार म्हणाले, "सरकारचा पैसा आला की मागोमाग सरकारची टेप येते. आज भिंती मोजतील, उद्या आपल्या प्रार्थना मोजतील." मी म्हटले, "मोजू देत. तुमच्यापासून सुरुवात करायला सांगू, म्हणजे लवकर आटपेल." पाळकसाहेबांना एकदम खोकला आला. त्यानंतर सभा शिस्तीत झाली.

आता मुद्दे. वर्गांचे दरवाजे आत उघडतात, ते बाहेर उघडणारे हवेत, करून घेऊ. तळमजल्यावरच्या दोन वर्गांत उजेड कमी पडतो; खिडक्या वाढवू. अडचण वरच्या मजल्याची आहे. तिसरी आणि चौथी वर बसतात आणि मुलांसाठी मधला लाकडी जिना एवढीच वाट आहे. तुम्हाला दोन हव्यात. इमारतीच्या मागे दगडी जिना आहे, भक्कम आहे, पण तो वर टोकाच्या खोलीत उघडतो आणि त्या खोलीत संस्थेची एक जुनी कर्मचारी राहते. परिपत्रकाच्या शेवटी शाळेच्या इमारतीत कोणाचेही निवासस्थान नसावे असेही एक कलम आहे. ती खोली तशीच ठेवून प्रमाणपत्र मिळण्याचा एखादा मार्ग असेल तर कळव. नसेल तर तेही स्पष्ट कळव.

जेवताना वाचत बसू नकोस. तुझी बायको होती तेव्हा तिचे ऐकत होतास. आता निदान आठवणीने ऐक.

ताई


९ जानेवारी

आदरणीय पाळकसाहेब,
सलाम.

सभेत बोलले नाही ते लेखी कळवते.

टोकाच्या खोलीत मी राहते हे आपल्याला, पंचांना आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. माझ्या भावाला ठाऊक नाही. चार वर्षांपूर्वी आवारातले घर सहायक पाळकांच्या कुटुंबासाठी रिकामे करून मी वर गेले, तेव्हा ती गोष्ट कळवण्याइतकी मोठी वाटली नाही. नंतर ती कळवायला उशीर झाल्यासारखे वाटले. तो आईच्या अंत्यविधीनंतर इकडे आलेला नाही, त्यामुळे मी अजून त्या घरातच आहे अशी त्याची समजूत आहे. पत्रे मी पहिल्यापासून शाळेच्या पत्त्यावरच मागवते.

मी त्याचा सल्ला मागितला आहे, पण खोलीत कोण राहते ते लिहिलेले नाही. लिहिले तर तो माझ्यासाठी नियम वाकवेल, आणि ते त्याच्या हातून झालेले मला आवडणार नाही. किंवा वाकवणार नाही, आणि मग आयुष्यभर स्वतःला कोसत बसेल. त्याने परक्या माणसाविषयी जो निर्णय दिला असता तोच मला हवा आहे. म्हणून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत आपण किंवा पंचांपैकी कोणीही त्याला काही कळवू नये. तसे वचन मिळावे.

मुख्याध्यापिका


११ जानेवारी

प्रिय बाई,
प्रभूमध्ये सलाम.

वचन देतो, पण मनापासून नाही, आणि "प्रमाणपत्र हाती येईपर्यंत" हे तुमचेच शब्द आहेत ते लक्षात ठेवतो. त्यानंतर माझे तोंड मोकळे.

घरात हे बोलणे निघाले. ही म्हणाली, "आपली बाहेरची खोली देऊ या ना त्यांना." मी म्हटले, "तू विचार. मला धीर होत नाही." तिने काल तुम्हाला विचारले, आणि तुम्ही म्हणालात की मुख्याध्यापिका पाळकाच्या घरात राहू लागली की दोघांनाही एकमेकांच्या चुका काढता येत नाहीत. ती हसत घरी आली. बाई, तुमच्या चुका काढायला मी आजवर कधी आलो आहे?

भावाला एक साधे वाक्य लिहायला काय हरकत आहे, हे मला अजूनही कळत नाही. पण वचन ते वचन.

आपला,
पाळक


२२ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

आधी औपचारिक गोष्ट. तुझ्या शाळेची फाइल माझ्याकडे येणार नाही. मुख्याध्यापिका माझी सख्खी बहीण असल्याची लेखी नोंद मी परिपत्रक निघण्यापूर्वीच केली आणि तुमचा सगळा भाग दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. तपासणीला कोण येईल, काय लिहील, हे मी विचारणार नाही, आणि तूही मला विचारू नकोस. खाली लिहितो तो केवळ भावाचा सल्ला आहे.

दरवाजे आणि खिडक्या यांबाबत तुझे बरोबर आहे. खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एकपंचमांश भरले पाहिजे. चौकट धरायची नाही, फक्त काच धरायची. तुमच्या गवंड्याला हे आधी सांग. गवंडी नेहमी चौकटीसकट मोजतात.

निवासाचे कलम माझे आहे. विभागाचे म्हणून नव्हे, शब्दशः माझे. समितीतल्या दोघांना ते फार कडक वाटले होते. मी त्यांना एका शाळेत घडलेली गोष्ट सांगितली. तिथे मागच्या जिन्याच्या तोंडाशी शिपाई खाट टाकून राहत असे. खाली आग लागली तेव्हा मुले त्या दाराशी गेली आणि दार उघडेना, कारण दारामागे खाट होती. मुले वाचली, पण ती खिडकीतून काढावी लागली आणि सगळी धड उतरली नाहीत. त्यानंतर कलम आहे तसे मंजूर झाले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर: मार्ग नाही. बाहेरून लोखंडी जिना उभारता येतो, पण तो खर्च तुमच्या मंडळीच्या आवाक्यातला नाही, आणि जागेवर दगडी जिना असताना तो मंजूर करणारा अधिकारी मूर्ख ठरेल. त्या बाईंना हलवा. आया किंवा शिपाईण असाव्यात. जुन्या कर्मचाऱ्यांविषयी संस्थांना उमाळा येतो आणि तो उमाळा नेमका जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. एका म्हातारीची सोय आणि शंभर-सव्वाशे मुलांची वाट, यात तुला विचार करावा लागला याचेच नवल वाटले. ही गोष्ट तूच मला शिकवलेली.

मी व्यवस्थित आहे. परदेशातली मुलगी आठवड्यातून एकदा फोन करते. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, तिला कामावर जायची घाई असते; मला नसते. जेवताना वाचतो, कारण समोर बघायला दुसरे काही नसते.

बारक्या


८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

गवंड्याने चौकटीसकटच मोजले होते. "बाई, चौकट काय हवेत तरंगते का?" असे म्हणून तो वर रागावला. मी त्याच्या हातून पट्टी घेऊन काच मोजून दाखवली आणि त्याला सगळे काम पुन्हा करावे लागले. आता तो माझ्याशी बोलत नाही. काम मात्र सुरेख करतो आहे. रागावलेला माणूस नीट काम करतो.

दरवाजे बाहेर उघडू लागले. पहिल्याच दिवशी दुसरीच्या वर्गाचा दरवाजा खजिनदारांच्या गुडघ्याला लागला. ते लंगडत म्हणाले, "हेच का ते सरकारचं संरक्षण?" मी म्हटले, "संरक्षण आतल्यांसाठी आहे. तुम्ही बाहेर होता." वर्गातली मुले हसली. मीही, पाठ फिरवून.

टोकाच्या खोलीचे तू लिहिलेस ते पटले. युक्तिवादात चूक नाही. दोन गोष्टी फक्त तुझ्या कानावर घालते. त्यामुळे निर्णय बदलावा असा हेतू नाही. एक म्हणजे, त्या बाईंची खाट दारामागे नाही, खिडकीखाली आहे, आणि जिन्याकडचे दार त्या कायम मोकळे ठेवतात. दुसरे, त्यांना जायला जागा नाही. लग्न केले नाही. एक भाऊ आहे, तो परगावी असतो, बऱ्या हुद्द्यावर आहे.

मे महिन्यात काही दिवस तुझ्याकडे यावे असे मनात आले होते. तुझी मागची खोली अजून रिकामी आहे का?

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

खाट खिडकीखाली आहे, हा युक्तिवाद नाही. आज खिडकीखाली आहे. पावसाळ्यात खिडकी गळू लागली की दारामागे जाईल. नियम माणसाच्या चांगुलपणावर सोडायचा असता तर तो लिहावाच लागला नसता.

आणि त्या बाईंना भाऊ आहे म्हणतेस, तोही बऱ्या हुद्द्यावर. मग प्रश्नच मिटला. त्याला कळवा आणि बहिणीला घेऊन जायला सांगा. सख्खा भाऊ असून बहिणीने शाळेच्या वरच्या मजल्यावर मुलांच्या जिन्याशी म्हातारपण काढायचे, तर तो भाऊ असून नसल्यासारखा. अशा माणसांविषयी मला मुळीच सहानुभूती नाही. सणावाराला चार ओळी खरडल्या की आपले कर्तव्य झाले असे त्यांना वाटते. संस्थेने त्याच्या वाटची जबाबदारी आपल्या डोक्यावर का घ्यावी? हवे तर त्याला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून देतो. असा करीन की दुसऱ्या दिवशी तो दारात हजर होईल.

मागच्या खोलीत नमुने ठेवले आहेत. बिजागऱ्या, कड्या, फरशांचे तुकडे, काचेचे प्रकार. कंपन्या पाठवतात आणि कार्यालयात जागा नसते. दार अर्धेच उघडते, म्हणून तिला आता खोली म्हणता येणार नाही. तू येणार असशील तर आधी कळव, खात्याच्या विश्रामगृहात तुझी सोय होईल. जागा स्वच्छ आहे आणि गरम पाणी असते.

बारक्या


६ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझा सल्ला मानला. बाई या महिन्याच्या मध्यापर्यंत खोली सोडतील. त्यांना बाहेर जागा मिळाली आहे. मसुद्याची गरज नाही.

त्यांच्या भावाविषयी तू लिहिलेस ते मला अन्यायाचे वाटले, म्हणून एवढेच सांगते: तो माणूस वाईट नाही. त्याला कोणी कळवलेले नाही.

मे महिन्यातले येणे मी मनातून काढून टाकले आहे. परीक्षांनंतर मागचे बरेच काम पडलेले असते.

यापुढे घरगुती पत्रे शाळेच्या पत्त्यावर न पाठवता सोबतच्या पत्त्यावर पाठव. शाळेचा पत्ता कार्यालयीन पत्रव्यवहारासाठीच असावा, असे अलीकडे वाटू लागले आहे.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

नवा पत्ता नोंदवला. आवारातले घर सोडलेस ते बरेच केलेस; त्या घराला ओल होती आणि आईचा दमा तिथेच बळावला. आधीच सोडायला हवे होतेस. नवी जागा कशी आहे, उजेड आहे का, हे तू लिहिले नाहीस. तुझ्यासारखीकडून ही अपेक्षा नव्हती.

त्या बाईंच्या भावाला कळवले नसेल, तर न कळवणे हा तिचा ताठा आणि इतक्या वर्षांत एकदाही चौकशी न करणे हा त्याचा. दोघे एकमेकांना शोभतात. पण प्रश्न सुटला, जिना मोकळा झाला, हे महत्त्वाचे. तू हा निर्णय घेऊ शकलीस याचा मला अभिमान वाटतो. अनेक शाळांच्या मुख्याध्यापकांना हे जमलेले नाही. ते मला पानेच्या पाने लिहितात, आणि त्या सगळ्या पानांत एकच एक म्हातारा माळी असतो.

बारक्या


२० एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तपासणी झाली. तू विचारणार नाहीस आणि मी सांगू नये, हे ठाऊक आहे. निकालाविषयी काहीच लिहीत नाही. दिवसाचे वर्णन करायला मात्र बंदी नसावी.

तपासनीस तरुण होता. बूट दाराशी काढून तो मोज्यांनी सगळीकडे फिरला, हे मला आवडले. काच त्याने स्वतः मोजली आणि गवंडी भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत राहिला. वर टोकाच्या खोलीत तपासनीस बराच वेळ उभा होता. खोली रिकामी आहे. भिंतीवर जिथे तसबिरी होत्या तिथे रंगाचे चौकोन राहिले आहेत.

"इथे कोण राहायचं?" त्याने विचारले.

"संस्थेची एक जुनी कर्मचारी."

"चहाचा वास अजून येतोय. कुठे गेल्या?"

"जवळच. खोली घेतली आहे."

"स्वतःहून गेल्या की काढावं लागलं? नाही म्हणजे, बऱ्याच ठिकाणी फार रडारड होते. परवा एका ठिकाणी तर बाईंनी कपाटाला मिठी मारली."

मी म्हटले, "इथे तसे काही झाले नाही." तो म्हणाला, "नशीबवान आहात." आणि त्याने वहीत काहीतरी लिहिले.

मग त्याने घंटा वाजवायला सांगितली. तिसरी मधल्या जिन्याने उतरली आणि चौथी टोकाच्या खोलीतून मागच्या जिन्याने. चौथीतली मुले त्या खोलीच्या दाराशी येताच आपोआप पाय न वाजवता चालू लागली. सवय असावी, आत कोणी आहे असे त्यांना अजून वाटते. मला "चला, चला, भरभर" म्हणावे लागले. एका मुलीने त्या बाईंविषयी विचारले की त्यांना नव्या ठिकाणी करमतं का. मी तिला रांग मोडू नकोस म्हणून सांगितले. सगळी मुले अंगणात पोचली तेव्हा तपासनीसाने घड्याळ पाहून मान हलवली.

तुझे कलम बरोबर आहे. त्या दारातून इतकी मुले एकदम जाताना पाहिली आणि माझी खात्री पटली.

नव्या जागेविषयी विचारले होतेस. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली आहे. खिडकी आहे, समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, त्यामुळे तुझ्या एकपंचमांशाने ती उत्तीर्ण होईल, पण उजेडाने नाही. खाली दिवसभर मशीन चालते. सुरुवातीला त्रास झाला, आता ते थांबले की होतो. रविवारी दुकान बंद असते, म्हणून चर्चहून मी रमतगमत परत येते. वाटेत काही काम असल्यासारखे चालायला मी शिकले आहे.

ताई


३ मे

मा. महोदय,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आपण मला आईंच्या अंत्यविधीच्या वेळी भेटला होता. मी तेव्हा इथे नवा होतो आणि आपण माझ्या प्रवचनातली एक चूक मला बाजूला घेऊन सांगितली होती, म्हणून आपण मला आठवता.

आमच्या शाळेला काल प्रमाणपत्र मिळाले. जूनपासून अनुदान चालू राहील. पंचकमिटीच्या वतीने खात्याचे आभार मानतो. पण हे पत्र त्यासाठी नाही. आपल्या ताईंनी जानेवारीत माझ्याकडून एक वचन घेतले होते, ते प्रमाणपत्र हाती येईपर्यंतचे होते. काल ते हाती आले. मी आज लिहीत आहे.

टोकाच्या खोलीत राहणारी जुनी कर्मचारी म्हणजे ताईच. चार वर्षे त्या तिथे राहत होत्या. आवारातले घर आम्हाला सहायक पाळकांसाठी हवे होते आणि ते त्यांनी, आम्ही मागायच्या आधीच, दिले. आता त्या शिंप्याच्या दुकानावर राहतात. सामान हलवले त्या दिवशी आम्ही चौघे-पाचजण मदतीला गेलो, तर सगळे आधीच बांधून त्यावर आकडे घातलेले होते आणि आम्हाला फक्त उचलायचे काम होते. माझी बायको नंतर म्हणाली, "रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. काय करावं ते तरी कळलं असतं."

आपण त्यांना जे सल्ले दिले ते त्या आम्हाला सभेत वाचून दाखवत. फक्त नियमांचा भाग वाचत. पुढचा कागद घडी घालून ठेवत.

मी वचन मोडलेले नाही. पण ताई मला रागावतील, आणि ते मला चालेल.

आपला,
पाळक


९ मे

ती. ताईस,
नमस्कार.

पाळकसाहेबांचे पत्र आले. त्यांना रागावू नकोस. वचनाची मुदत तूच घातली होतीस. मसुद्यातली ही त्रुटी तुझी आहे.

तुझ्या भावाविषयी मी जे लिहिले होते ते मागे घेत नाही. ते बरोबर आहे. फक्त ते मी दुसऱ्या कोणाविषयी लिहितो आहे असे समजत होतो. तू ते वाचलेस, उत्तर दिलेस, त्याची बाजू घेतलीस आणि मी तुला पुन्हा तेच लिहिले. आज ती पत्रे माझ्याकडे नाहीत, पण मला ती पाठ आहेत. मी स्वतःचे लिखाण विसरत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

कलमही मागे घेत नाही. तूही मला तसे सांगणार नाहीस.

तुझ्या पत्रात "परगावी असतो, बऱ्या हुद्द्यावर आहे" असे होते. इतक्या खुणा असून मी ओळखले नाही, कारण तुझ्याविषयी काही विचारायचे राहिले आहे असे मला कधी वाटलेच नाही. तू आहेस तशीच, आहेस तिथेच असणार, असे मी गृहीत धरून चाललो होतो. भिंत जशी धरतात तशी.

नमुने खात्याच्या गोदामात पाठवून दिले. दोन हातगाड्या भरल्या. मागच्या खोलीचे दार आता पूर्ण उघडते. खिडकी पूर्वेला आहे आणि समोर काही नाही. रंग अजून दिलेला नाही. तुला कोणता चालेल ते आठवेना, आणि विचारावे असे घरात कोणी नव्हते.

शनिवारी दुपारी पोचतो. सामान किती आहे ते कळव, म्हणजे त्या मापाची गाडी ठरवून ठेवतो.

बारक्या


१२ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

सामानाचे माप देत नाही. गाडी ठरवू नकोस.

माझ्या निवृत्तीला अजून दोन वर्षे आहेत. शाळा वाचवली ती दुसऱ्या कोणाला सोपवून तुझ्या मागच्या खोलीत बसण्यासाठी नव्हे. शिवाय, मला कुठून तरी काढले म्हणून मी तुझ्याकडे येणार नाही. निवृत्त झाल्यावर, जेव्हा मला कोणी काढलेले नसेल, तेव्हा विचार. आणि पत्राने विचारू नकोस, समोर बसून विचार. मला नाही म्हणायचे असेल तर ते तुझ्या तोंडावर म्हणता आले पाहिजे.

रागाचे म्हणशील तर नियमाचा राग आला नाही. भावाला तू जे बोललास त्याचाही नाही. त्यातले निम्मे मी स्वतःच कधी ना कधी मनात म्हटले होते. मागच्या खोलीविषयी विचारले आणि तू विश्रामगृहातले गरम पाणी देऊ केलेस, त्याचा मात्र आला. ते पत्र मी खोलीवर नेले नाही, शाळेतच ठेवले. तेवढाच. पाळकसाहेबांना काही बोलले नाही. ते मला पाहून रस्ता ओलांडतात, त्यामुळे बोलता आलेले नाही.

खोलीला पांढरा रंग चालतो. कोणता चालतो हे तू विसरलास असे नाही. तू कधी विचारलेच नव्हते.

शनिवारी ये. सुट्टी लागल्यापासून शाळेत मुले नाहीत आणि दिवस संपता संपत नाहीत. जिना शिंप्याच्या दुकानाच्या बाजूने आहे; अरुंद आहे, एकच आहे, आणि त्याविषयी तू चकार शब्द काढायचा नाहीस. वर आल्यावर तुझ्या लक्षात आलेच असते की माझ्याकडे एकच खुर्ची होती. इथे आल्यापासून कोणी बसायला आले नाही, म्हणून ते माझ्याही लक्षात आले नव्हते. तुझे पत्र वाचल्यावर आले. काल बाजारात जाऊन दुसरी घेतली. हमालाने वर आणून दिली आणि विचारले, "कुठे ठेवू, बाई?" मला पटकन सांगता येईना. शेवटी टेबलाच्या पलीकडे ठेवायला सांगितली, आणि तो गेल्यावर त्या बाजूने खोली कशी दिसते ते पाहायला मी तिच्यात बसून पाहिले. तिथून भिंत दिसते. जुन्या खुर्चीतून दार दिसते. तू जुनीत बस.

ताई